खांद्याचा वाटा

देविदासचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली उतरला होता. निलंग्याकडच्या उसात रानडुकरांनी धुमाकूळ घातला की वनखात्याची परवानगी काढून शेषेरावची टोळी कुत्र्यांसकट निघायची. मारलेलं डुक्कर बांबूला उलटं टांगून फडाबाहेर आणायचं काम देविदासचं. टोळीचा रिवाज पक्का होता. पहिला भाला ज्याचा, मुंडी त्याची. आणि ज्याच्या खांद्यावरून जनावर आलं, त्याला मागची मांडी. त्या मांडीवर देविदासच्या घरी सण व्हायचा.

गेल्या दिवाळीत खांद्यानं दगा दिला. डॉक्टरनं ओझं बंद केलं. दुसरा कुणी गप घरी बसला असता, पण ह्याच्या डोक्यात गाडा शिरला. बैलगाडी सरीत मावत नाही, सायकलची चाकं असल्या धुडाखाली वाकतात. म्हणून भंगारातून त्यानं जुन्या एम-एटी मोपेडची चाकं हुडकली. वेल्डिंगवाल्या शरणप्पानं डुकराचं काम म्हणून नाक मुरडलं, पण पाइपाचा सांगाडा जोडून दिला. काळ्या रानाचा चिखल चाकात गच्च बसतो, त्यामुळे मडगार्ड लावूच दिलं नाही. खरंच देखणा गाडा झाला. त्याच्या बायकोनं, कावेरीबाईनं, गाड्याला हळदकुंकू वाहिलं.

पहिलंच डुक्कर गाड्यावरून अलगद बांधावर आलं. देविदासच्या पाठीवर थापा पडल्या. मग वाटे पडले, आणि मागच्या दोन्ही मांड्या शेषेरावनं आपल्या पोत्यात टाकल्या. विसरला असेल, असं वाटून देविदासनं हळूच आठवण करून दिली.

"खांदा कुनाचा लागला?" शेषेराव म्हणाला. "आता चाकाला मांडी द्यायची व्हय?"

सगळे फिदीफिदी हसले. मेल्यांना लाज नव्हती, पण बोलणं रिवाजाला धरूनच होतं, आणि तेच देविदासला झोंबलं. गाडा करताना त्यानं चिखलाचा विचार केला, सरीचा केला, वाट्याचा केला नाही. घरी कावेरीबाई मसाला वाटून बसली होती.

पुढच्या शिकारीला तो बांबू घेऊनच आला.

"माज्या खांद्यावर द्या," तो म्हणाला. "पर वाटा पायजे."

"द्या रे," शेषेराव म्हणाला. "लई हौस हाय त्याला."

मागचं टोक दोघांनी मजेत धरलं. पुढचं एकट्या देविदासच्या खांद्यावर. शेजारून रिकामा गाडा ओढत टोळी त्याच्या चालीची नक्कल करत चालली. वाटेत तो गुडघ्यावर आला. कुणी हात दिला नाही. उठला तेव्हा शेषेरावनं टाळ्या वाजवल्या.

मांडी मिळाली. संध्याकाळी ताट समोर आलं, तर त्याचा उजवा हात स्वतःच्या मांडीवरून उचलेना. कावेरीबाईनं घास करून त्याच्या तोंडात घातला. तो सावकाश चावत राहिला आणि म्हणाला, पुढच्या खेपेला बांबू डाव्या खांद्यावर घेतो.