पेशकारांचा मोठा मुलगा

माझा मोठा भाऊ फौजेतून मेजर जनरल होऊन निवृत्त झाला आणि गुडीहत्नूरला हायवेपासून जरा आत घर बांधून राहायला आला. त्याच्या स्वागताचा हार आणायला इचोड्याच्या बाजारात मीच गेलो होतो. हार कुणासाठी हे कळल्यावर फुलवाल्यानं तयार हार उसवला आणि पुन्हा जाड ओवून दिला. "सार, जनरलसाबले बारीक हार कसा चालंल?" त्याच्या दोन्ही पोरांना मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवलं. माझ्या निवृत्तीचा हारही त्याच्याकडूनच आला होता. तो जाड होता की बारीक ते आठवत नाही, म्हणजे बारीकच असणार.

आमच्या या तेलुगू भागात मराठी घरांचं एक मंडळ आहे. वाचनालय, पोरांसाठी मराठीचे वर्ग, दिवाळीनंतरचं संमेलन, असा त्याचा कारभार. कितीतरी वर्षं मी तिथं चिटणीस. खुर्च्या भाड्यानं आणायच्या, माईकवाल्याच्या मागं लागायचं, आलेल्या व्याख्यात्याला नागपूरच्या गाडीत बसवून द्यायचं, ही सगळी माझी कामं. अध्यक्ष होते कापसाची जिनिंग चालवणारे एक शेठ. यंदा आपण थांबणार असं ते म्हणाले, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी माझंच नाव होतं. मी मनातल्या मनात भाषणसुद्धा जुळवायला घेतलं होतं.

तेवढ्यात मंडळातली तरुण मंडळी दादाकडे गेली. दुसऱ्या दिवशी दादा त्यांना घेऊनच माझ्या घरी आला. सगळ्यांसमोर मला म्हणाला, "हे मला अध्यक्षपदासाठी उभा राहा म्हणतायत. तुझी काही हरकत नाही ना?"

पाच-सहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. मी म्हटलं, "माझी कशाला असंल हरकत?"

शेठना हे कळलं आणि त्यांचा थांबायचा विचार बदलला. माझ्यासाठी जागा सोडायला ते तयार होते, जनरलसाठी नव्हते. एकदा बोथच्या रस्त्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि मला हॉटेलात चहाला नेलं.

"सर, तुमच्या भावाची ती बर्फातली गोष्ट खरी आहे काय?"

ती गोष्ट आमच्या भागात कुणाला माहीत नाही? दादा तरुण कॅप्टन असताना एका उंच चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. एक जवान जखमी झाला, आणि दादानं त्याला पाठीवर घेऊन खालच्या छावणीपर्यंत आणलं. ही गोष्ट सांगायचे आमचे बाबा. बाबा बोथच्या तहसील कचेरीत पेशकार होते, तहसीलदारापुढं फायली मांडायचं त्यांचं काम. कचेरीसमोरच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा ते ती सांगत. दरवेळी बर्फ थोडा वाढायचा. माझी कॉलेजातली नोकरी पक्की झाली ते सांगायला मी धावत घरी आलो, तेव्हा घरात पाहुणे होते आणि गोष्ट रंगात आली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानंच खुणावलं, बस, आईक. मी बसलो. गोष्ट संपल्यावर पाहुणे उठले, बाबा त्यांना पोचवायला गेले, आणि माझी बातमी मी आईला सांगितली.

"खरी म्हणजे?" मी शेठना विचारलं.

"माझ्या जावयाच्या ओळखीचा एक सुभेदार पांढरकवड्याले राह्यते. तो त्याच पलटणीत होता. तो म्हनते, जवानाले आणलं ते दुसऱ्याच कुणी. सायेब खाली होते." शेठ पुढं झुकले. "मी मीटिंगमध्ये विचारीन. तुमी भाऊ आहात. तुमी नुसतं म्हना, मले बी शंका आहे. बस."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण इचोड्याला परत येताना मोटरसायकलवर मला गाणं सुचत होतं, हे खरं. इतकी वर्षं जी गोष्ट माझ्या डोक्यावर बसली होती ती पोकळ निघाली तर? हॉटेलातली माणसं, माझे विद्यार्थी, फुलवाला, सगळ्यांची तोंडं मला दिसायला लागली.

दोन दिवस मी ते सुख चघळलं. मग राहवेना, म्हणून दुपारी दादाकडे गेलो. तो अंगणात सीताफळाच्या रोपांना आळी करत होता. मी सरळ विचारलं, "दादा, त्या जवानाला तू आणलं होतं का?"

त्यानं कुदळ बाजूला ठेवली. बराच वेळ हात झाडत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "मी खालच्या छावणीत रेडिओवर होतो. आमच्या एका हवालदारानं आणलं. त्याच्या पायाची बोटं गेली त्यात."

"मग बाबा..."

"रजेवर आलो तेव्हा मी बाबांना सांगितलं, आम्ही एका जखमी जवानाला खाली आणलं. फौजेत माणूस आम्हीच म्हणतो. बाबांनी त्या 'आम्ही'चा 'मी' केला. एकदा कचेरीसमोरच्या हॉटेलात बसलो होतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते सगळ्यांना सांगायला लागले. काय बोलणार होतो मी?"

माझा जीव खरं तर तिथंच जळला. गोष्ट खोटी होती, पण खांद्यावरचा हात तर खरा होता ना.

"मीटिंगमध्ये विचारणार आहेत," मी म्हटलं.

"कोण?"

"विचारणार आहेत एवढं खरं."

"मग सांगीन," तो म्हणाला आणि पुन्हा कुदळ उचलली.

मीटिंग रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये होती. खुर्च्या मीच मांडल्या होत्या. शेठ गोड हसत उठले. म्हणाले, "जनरलसाबांचा आदर आहेच. पण सभासदांच्या मनात शंका आहे, ती दूर व्हावी." मग त्यांनी सुभेदाराची गोष्ट सांगितली आणि खाली बसताना माझ्याकडे पाहिलं. हॉलमधली अर्धी माणसंही माझ्याकडे बघत होती. मी हातातल्या कागदाकडे बघत राहिलो.

दादा उठला. माईक न घेताच बोलला. मला अंगणात सांगितलं होतं तेच त्यानं सगळं सांगितलं, हवालदाराचं धाडस तर मला सांगितलं त्यापेक्षाही नीट. मागून एका तरुणानं विचारलं, "मग इतके दिवस काऊन बोलले नाही तुमी?"

"बाबांना खोटं पाडायची माझी हिंमत झाली नाही," दादा म्हणाला.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. मी थक्क झालो. ज्या गोष्टीनं तो पडेल असं वाटलं होतं, तिच्यामुळंच तो आणखी वर चढला. मतदान हात वर करून झालं. मोजणी माझ्याकडे होती, त्यामुळं माझा हात कुणी पाहिला नाही. शेठच्या बाजूला फार थोडे हात होते.

बाहेर बाबांच्या वेळचे एक म्हातारे कारकून काठी टेकून उभे होते. त्यांनी कुणालाच मत दिलं नव्हतं. मला म्हणाले, "पेशकारसायबाले भरसभेत खोटारडं केलं ना रे त्यानं. तू बी बसून राह्यला. तू काऊन नाही बोलला?"

आयुष्यभर ज्या गोष्टीचा मला राग होता, तिच्यासाठी मी भांडायला हवं होतं असं ते म्हणत होते, आणि मलाही आतून तसंच वाटत होतं. दादाचे हात स्वच्छ झाले, टाळ्या त्याला मिळाल्या, आणि खोटे ठरले बाबा, जे बोलायला आता नाहीत.

घरी सोडायला दादानं मला गाडीत घेतलं. वाटेत म्हणाला, "फार हलकं वाटतंय."

"तुला वाटत असंल," मी म्हटलं.

तो अध्यक्ष चांगला आहे. वाचनालयाचं छत दुरुस्त झालं, वर्गाला पोरं वाढली. चिटणीस अजून मीच आहे. लोक आता पाहुण्यांना नवी गोष्ट सांगतात, भरसभेत खरं बोललेल्या जनरलची, आणि मी शेजारी उभा राहून ऐकतो.

परवा कामं आटोपल्यावर दादा म्हणाला, "पुढच्या वेळी तू उभा राहा. मी सगळ्यांना सांगतो."

मी म्हटलं, "बघू."

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "कितीक मोठं मन आहे मोठ्या भाऊजींचं."

मी ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागलो.