स्टुडिओतली एकुलती एक कॉपी

फोटो स्टुडिओत नोकरी केली की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही, ते दार ढकलून आत येतात! आमचा स्टुडिओ पलूसमधला. मालक अण्णा, कॅमेऱ्यावर शिवादा आणि कॉम्प्युटरवर मी. लग्नसराईत डिस्क भरायला लागल्या की आमची तिघांची भांडणं ठरलेली.

*

अशाच एका भांडणात मी डीडुप्लिकेशनचा विषय काढला. अण्णांना म्हटलं, "एकच तुकडा सगळ्या फिल्म्समध्ये असेल, तर बॅकअपमध्ये तो एकदाच ठेवायचा. बाकी ठिकाणी नुसती खूण, की तो तिकडे आहे."

"म्हंजे आख्ख्या गल्लीला एकच नळ?"

"हां, तसंच."

"आन त्योच बिघडला तर?"

"गल्ली तहानलेली!" शिवादा म्हणाला.

पण जागा लय वाचत होती. शेवटी तह झाला. रोजचा बॅकअप नव्या पद्धतीनं, आणि सगळ्या फिल्म्सची एक जादा कॉपी साध्या डिस्कवर, अण्णांच्या घरी कपाटात.

*

पाटणहून माहेरी आलेली एक बाई जुळ्या पोरांचे फोटो काढायला आली. शिवादानं मला मुद्दाम डिवचलं, "आता तुझं मशीन ह्यातलं एकच पोरगं ठेवणार!"

मी तिला समजावलं, "तसं नाही हो, मशीन तोंडं बघत नाही."

"मशीनचं सोडा वो ताई," ती म्हणाली. "ह्यांचा बाप मिल्ट्रीतनं सुट्टीला आला, की एकालाच दोनदा आंघोळ घालतोय!"

*

आमच्या प्रत्येक लग्नाच्या फिल्मला सुरुवातीला तीच क्लिप जोडलेली असायची. सनई आणि गणपती. बॅकअपमध्ये अर्थात ती एकदाच साठवलेली.

एकदा कॉम्प्युटर बंद पडला, आतल्या फिल्म्स गेल्या. मी बॅकअपमधून फिल्म काढली, ती उघडेना. दुसरी काढली, तीही नाही. कुठलीच सुरू होईना! गणपतीचा तो एकच तुकडा खराब झाला होता.

अण्णा मटकन खाली बसले. "कितीतरी म्हातारी माणसं त्या लग्नांत शेवटची हसल्याली हायती गं," एवढंच बोलले.

शिवादानं गाडीला किक मारली आणि अण्णांच्या कपाटातली डिस्क आणली. एकेक फिल्म सुरू व्हायला लागली, तसा अण्णांच्या तोंडाला रंग आला. पडद्यावरच्या गणपतीला हात जोडून म्हणाले, "देवा, तुला इघ्न हराय बसवला, आन तूच इघ्न झालास व्हय रं?"

*

तेव्हापासून अधूनमधून बॅकअपमधली एखादी फिल्म काढून, चालते का ते बघायचं, असा नियम झाला. मी म्हणते, सुरुवात, मध्य, शेवट तपासला की बास. अण्णा पूर्ण बघतात.

औंधच्या एका लग्नाच्या फिल्ममध्ये पोरगी सासरी निघाली, आणि अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"तुमची कोण लागते हो?" मी विचारलं.

"माझी कोन न्हाई. पर तिचा बाप बघ की, रडं दाबून कसा हसतोय!"

*

कुंडलचे एक रिटायर्ड सुभेदार आले. त्यांनी काउंटरवर दोन मोबाइल ठेवले. एक त्यांचा, दुसरा बायकोचा. ती हिवाळ्यात गेली होती.

"ह्यातलं फोटू कायम राहत्याल असं कायतरी करा."

मी दोन्ही फोन जोडून बघितले. पुण्याच्या लेकीनं नातीचे तेच फोटो दोघांनाही पाठवलेले. मी म्हटलं, "आबा, दोन्हीत सारखेच आहेत. सॉफ्टवेअर एकच ठेवेल. चालेल ना?"

 ते म्हणाले, "फोटू आला की ती मला हाक मारायची. मी म्हनायचो, अगं, माझ्यातबी आलाय की! तरी तिच्याजवळ बसून, तिच्यातलाच बघाय लागायचा."

"मग आबा, कुठला ठेवू?"

"तिच्यातला."