बोट टेकलं की वाजणारी घंटा

ओ मालसुक या बाईनं गुमी शहरातल्या कारखान्यात एकोणीस वर्षं ट्रान्झिस्टर बसवले. वाटाण्याएवढा काळा तुकडा, खाली तारेचे तीन पाय. भोकांत खुपसायचा, वितळल्या कथलाचा डाख द्यायचा, पुढचा घ्यायचा. तो करतो काय, हे तिनं एकदा विचारलं, तेव्हा मुकादमीण म्हणाली, "तू तुझं काम कर."

आता ती एकसष्टची होती. नवरा चांगसोक, जन्मभर सिटी बस चालवलेला माणूस, तीन वर्षं अंथरुणात. आजारानं आधी पाय नेले, मग आवाज. उजव्या हाताचं एक बोट तेवढं तसूभर सरकायचं.

मंगळवारी ती बाल्कनीत मुळ्याची पानं वाळत घालून आत आली, तर त्याचे ओठ निळे पडलेले. घशात कफ अडकला होता. कफ ओढायच्या यंत्रानं तिनं तो काढला. तिला बोलवायच्या घंटेचं बटण त्याच्या बोटाखालीच होतं. दाबायला जोर नव्हता. त्या दिवसापासून मालसुकनं अंघोळ सोडली. संडासचं दारही ती उघडं ठेवी.

घरी येणारी नर्सबाई त्याच्यापाशी होती तेवढ्यात ती बाजारात प्योच्या दुकानी धावली. प्यो रेडिओ दुरुस्त करायचा.

"नुसतं बोट टेकलं की वाजेल अशी घंटा हवी."

"मग ट्रान्झिस्टर लावा की, वहिनी! जन्मभर तेच केलंत ना?"

"लावले हो. काय करतात ते कुणी सांगितलं?"

प्यो हसला, तिचा चेहरा बघून थांबला. "या एका पायातून मुंगीएवढी वीज आत गेली, की उरलेल्या दोघांमधला मोठा रस्ता उघडतो. मुंगी थांबली की रस्ता बंद."

प्योकडून आणलेले ट्रान्झिस्टर घेऊन घरी पलंगाशेजारीच ती बसली. पहिल्याच्या, वीज आत जायच्या पायाला थेट बॅटरी जोडली; जळका वास आला. दुसऱ्याचे पाय उलटे लागले. तिसऱ्या खेपेला त्या पायाकडे जाणाऱ्या दोन उघड्या तारांवर तिनं स्वतःचं बोट ठेवलं आणि बारीक दिवा मिणमिणला. चांगसोकचं बोट ठेवलं, तर काहीच नाही. त्याची कातडी कागदासारखी कोरडी.

"टेका ना नीट! जीव लावून टेका!" ती ओरडली.

त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. ते पुसताना तिला स्वतःची शरम वाटली.

फोनवर प्यो म्हणाला, "पहिल्यानं वाढवलेली वीज दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या त्याच पायात सोडा." तिनं तसं जोडलं, चांगसोकचं बोट ओल्या फडक्यानं टिपलं. दिवा लख्ख लागला. दिव्याच्या जागी तिनं घंटा बसवली.

नऊ दिवसांनी ती अंघोळीला गेली. डोक्याला साबण असतानाच घंटा किंचाळली. ती तशीच धावली. चांगसोक ठणठणीत होता, डोळ्यांनी हसत होता.

"मेले असते ना मी घसरून!" म्हणत ती खाली बसली आणि हसता हसता रडली.

पाच महिने घंटा वाजली. हिवाळ्यात एका सकाळी वाजेना. मालसुकनं त्याचं बोट ओलं केलं, बॅटरी बदलली, एकेक डाख तपासला. दोष जोडणीतच निघू दे, म्हणून ती मनात करुणा भाकत होती. शेवटी तिनं स्वतःचं बोट टेकलं. घंटा खणखणीत वाजली. तिला बोट उचलवेना.

मग बोट उचलून तिनं तारा सोडवल्या.

"अहो, खालचा ओठ हलतो ना अजून? हलवा बघू."

चांगसोकचा ओठ थरथरला. मालसुकनं डाख द्यायची कांडी तापत ठेवली.