खर्रा घोटलेलं बोट आणि थर्मल पेस्ट

आज रविवार. सकाळी वरोऱ्याच्या दुकानातून कॉम्प्युटर दुरुस्त करून आणला. दुपारी तो पुन्हा गरम होऊन बंद पडला.

मित्रांनो, हा कॉम्प्युटर माझ्या धाकट्या भावाने स्वतः जोडला होता. त्याला देवाघरी जाऊन महिना झाला. त्याच्या हातचं हे एकच काम घरात सुरू आहे, ते सुरू राहावं एवढीच इच्छा.

सकाळी दुकानदाराने तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला, तोंडात टाकला आणि त्याच बोटाने प्रोसेसरवर पेस्ट थापली. जुनी, वाळलेली पेस्ट पुसलीसुद्धा नाही.

"एवढी कशाला, भाऊ?"

"आपल्या इथली गरमी पाहून राह्यले ना तुमी? जेवढी जास्त लावान, तेवढा थंडा राह्यते!"

घरी प्रोसेसरवरचा कूलर काढला. पेस्ट कडेने ओघळली होती आणि तिच्यात सुपारीचा तुकडा होता. किळस आली. माझा भाऊ हे काम हात धुऊन करायचा. पेस्ट फक्त बारीक फटी भरायला असते, जाड थराने उष्णता उलट अडकते, असं सांगायचा.

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी तो धुवावा, ही अपेक्षा जास्त आहे का?

मी सगळं स्पिरिटने पुसलं, मधोमध भावाच्या ट्यूबमधल्या पेस्टचा एक थेंब ठेवला, कूलर बसवला. अजून तरी कॉम्प्युटर सुरू आहे. माखलेले कापसाचे बोळे कचऱ्यात टाकले आणि साबणाने हात धुतले.