तेलाखालचे माल्ट

शनिवार, १५ एप्रिल २००६. चौसष्ट डॉलर पन्नास सेंट देऊन मनोहरने तेहतीस पौंडांची माल्ट एक्स्ट्रॅक्टची बादली आणली आणि अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या घराच्या तळघरात ठेवली. माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा, काकवीसारखा दाट आटवलेला रस. तो पाण्यात उकळायचा, कडसर चवीसाठी हॉप्सची फुले घालायची, गार झाल्यावर यीस्ट. पाच आठवड्यांनी बाटलीत बिअर. दहा वर्षे शेजारी राहून मला एवढे पाठ झाले आहे.

मनोहर औषध कंपनीत रसायनतज्ज्ञ. मोजके बोलणारा, पण ग्लासावर बोटभर फेस उभा राहिला की त्याच्यासारखा खूश माणूस नाही. "फेस नसेल तर ते सरबत," तो म्हणायचा.

त्या वर्षी त्याची मुलगी देवयानी डॉक्टर झाली. एक जुलैला परसात पार्टी ठरली. तिने फोनवर बजावले, "बाबा, नो स्टोअर बिअर! फक्त तुमची हवी." मनोहर महिनाभर हवेत होता.

सरावाला थोडी बिअर केल्यावर उरलेल्या माल्टला हवा लागू नये म्हणून त्याने वर प्लॅस्टिकचा पातळ कागद दाबून बसवला. मे महिन्यात सांगलीहून त्याच्या सासूबाई आल्या. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, "मनोहरराव, तुमच्या त्या रसावर नुसता कागद? बुरशी धरली असती. मी तेल कडवून, गार करून वर चांगला थर दिलाय."

"कशावर, आई?"

"बादलीत. लोणच्याला देतो तसा."

मनोहरच्या बायकोने, शुभाने, कपाळाला हात लावला. "आई, अगं त्याची बिअर करायची होती!"

"मग? बिअर नासलेली चालते होय तुमच्यात?"

मनोहर हसला नाही. तेलाचा अंश राहिला तरी बिअरचा फेस बसतो. सोमवारच्या मेमोरियल डेच्या सुट्टीमुळे दुकान मंगळवारपर्यंत बंद, आणि त्या शनिवार-रविवारी माल्ट शिजले नाही तर एक जुलैला बाटल्या तयार होणार नव्हत्या. तो तळघराच्या पायरीवर बसून राहिला. मी शेजारी बसलो.

मार्ग सासूबाईंनीच काढला. "तेलच काढायचंय ना? शेंगदाण्याचं आहे. थिजवा की!"

गॅरेजमधल्या फ्रीझरमधून पुरणपोळ्या, खोवलेल्या नारळाची पाकिटे, शेवग्याच्या शेंगा सगळे बाहेर आले आणि बादली आत गेली. शनिवारी सकाळी झाकण उघडले, तर वर पांढरट भाकरीसारखा थर. सासूबाईंनी उलथने घालून तो सबंध उचलला. "बघा, तुकडासुद्धा पडला नाही." मनोहरने खात्रीसाठी खालचे बोटभर माल्टही खरवडून टाकले.

मग माल्ट कमी पडले. दोन गल्ल्यांपलीकडच्या अतुलला मी फोन लावला. त्याच्याकडे कोरडे, पुडीचे माल्ट असते.

"काका, आहे ना यार, दोन पौंड आहे. पण झाकण लूज राहिलं, ओल लागून दगड झालाय."

"असू दे, आण," मी म्हणालो. सासूबाईंनी तो दगड खलबत्त्यात घातला आणि तासाभरात त्याची पूड केली. दुपारी पातेले उकळू लागले, तेव्हा घरभर भाजलेल्या धान्याचा वास होता. मनोहर मात्र बाटल्या भरेपर्यंत आणि भरल्यावरही तेलाचेच बोलत होता.

एक जुलैला पहिली बाटली त्यानेच उघडली. ग्लास भरला, फेस वर आला. मनोहर घड्याळाकडे बघत राहिला. एक मिनिट झाले, दोन झाली. फेस उभा होता.

"बाबा, प्या ना आता!" देवयानी ओरडली.

"आधी तुझ्या आजीला दे."

सासूबाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि परत केला. "वास चांगलाय. पण मला आपलं पन्हंच दे."

मनोहरने तो ग्लास तोंडाला लावला आणि तो इतका हसला की त्याच्या मिशांवरचा फेस शर्टावर सांडला. संध्याकाळपर्यंत बिअर संपली.

अतुलचे दोन पौंड माल्ट अजून परत द्यायचे राहिले आहे.