आशाबाईची फुरसत

कुरखेड्याजवळच्या त्या गावात आशाबाईला कोणी "बसा" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मले फुरसत नाई." लग्नाच्या पंगतीतही ही बाई उभ्यानेच जेवायची आणि वाढणाऱ्यांच्या चुका काढायची. धाकटी बहीण मंगली बाजूच्या गावात एकटी राहायची. "बाई, एक दिवस ये, दोघी बसू," असं ती फोनवर कितीदा म्हणाली. पोळ्यापासून मात्र तिचा फोनच आला नव्हता. आशाबाईला ते टोचायचं, पण आपण होऊन फोन करायला तरी सवड हवी ना!

सून रंजीता कॉलेजात जाते. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आई, फुरसत हा शब्द अरबी हाये म्हणे. आमचे सर सांगत होते. तिकडं पहिले त्याचा अर्थ होता, पाणी भराची आपली पाळी."

"तू शब्द नको निवडू, भाजी निवड," आशाबाईने विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी धानाला तलावाचं पाणी सोडायचं होतं. गावाची रीत अशी, की पाळीच्या वेळी जो आपल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हजर नाही, त्याचं पाणी पुढच्याच्या धानाच्या बांधीत जातं. पाळी शेजारच्या शेतातल्या बिरजूची होती आणि तो पानठेल्यावर गप्पांत रमला होता. रीत सांभाळायचा मक्ता आशाबाईकडेच असल्यासारखा तिने फावड्याने पाणी आपल्या बांधीत वळवून टाकलं. बिरजू धापा टाकत आला.

"काकू, आलोच होतो ना मी!"

"पाळी गेली तुही. पाणी काऊन वाट पाहीन?"

बोलून गेली खरी, पण आदल्या संध्याकाळी उडवून लावलेला फुरसतीचा तो अर्थ आता डोक्यात शिरला, आणि मंगली आठवली. फावडं बिरजूच्याच हाती देऊन तिने चिखलाच्या पायांनी बस गाठली.

मंगलीच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, ती बचत गटाच्या बायांबरोबर मार्कंड्याला देवदर्शनाला गेलीय, संध्याकाळी येईल. आशाबाईला आधी राग आला, मग रडूच यायला लागलं. ओट्यावर टेकून तिने फोन लावला.

"मंगले, तुह्या घरी आली मी."

पलीकडच्या गाडीतली गाणी एकदम बंद झाली.

"बाई, तू आमच्या घरी?" मंगलीचा आवाज कापत होता. "कोन गेलं ओ?"



"कोनी नाई गेलं," आशाबाई डोळे पुसत म्हणाली. "तुले भेटाले आली. तू ये आरामात, मी बसते."