आमचा खोटा वर्ग

बी.एड. कॉलेजात एक खोटा वर्ग भरतो. पुस्तकात त्याला अभिरूप अध्यापन म्हणतात. म्हणजे एकाने शिक्षक व्हायचं आणि बाकीच्यांनी सहावीची पोरं. पदव्या घेतलेली, त्यातली काही चांगली लेकुरवाळी माणसं बाकांवर हाताची घडी घालून बसतात आणि शिक्षक आत आला की "नमस्ते सर" असं लांबवून म्हणतात. तुमसरच्या आमच्या कॉलेजात मी मागच्या खुर्चीवर बसून हा वर्ग वर्षानुवर्षं पाहते आहे. माझं काम निरीक्षणाचं. प्रश्न स्पष्ट होता का, फळ्यावरच्या ओळी सरळ होत्या का, शाबासकी दिली का, याच्या खुणा करत जायच्या.

पद्धत चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. नवशिक्याच्या हाती एकदम खरी पोरं देऊ नयेत. आमच्या माहेरी हातमाग होता. नव्या माणसाला कोशाच्या रेशमी धाग्यावर कोणी बसवत नसे, आधी जाड्या सुतावर हात बसू देत. पण ते जाडं सूतही खरंच तुटायचं आणि तुटलं की बोलणी खावी लागायची. आमच्या खोट्या वर्गात काही तुटतच नसे.

कारण उघड होतं. आज मी तुझी विद्यार्थिनी, उद्या तू माझी. पाठाला गुण असतात, तेव्हा एकमेकांना सांभाळून घ्यायचं, असा न बोलता झालेला करार. प्रश्न यायचा अवकाश, सगळे हात वर. उत्तर पुस्तकी भाषेत आणि पूर्ण वाक्यात. बाहेर टपरीवर "काहून बे" म्हणणारे गडी आत आले की "बाई, पाण्याचे बाष्पीभवन होते" म्हणायचे. मी चिडायचे. एवढी हुशार पोरं असती तर सरकारने तुम्हाला नेमायचं कशाला, असं ऐकवायचे. ते हसायचे आणि पुढच्या पाठाला पुन्हा सगळे हात वर.

त्यात याच खोट्या वर्गावर माझं संशोधन चाललं होतं. अशा सरावाने खरं शिकवणं सुधारतं का, हा विषय. नागपूरचे माझे मार्गदर्शक शांत गृहस्थ. त्यांनी दोन गट करायला सांगितले, आधी चाचणी, मग सराव, मग पुन्हा चाचणी. मी सगळं नीट केलं. खोट्या वर्गात सर्वांचे गुण वाढत होते आणि माझा त्या वाढीवर काडीइतका विश्वास बसत नव्हता. मी तसं सांगितलं तर मार्गदर्शक म्हणाले की विश्वास न बसणं हा निष्कर्ष होत नाही. त्या दिवशी मी फोन जरा जोरातच ठेवला.

त्या वर्षी बपेरा गावाकडची एक विद्यार्थिनी होती. घरी धानाची शेती. लग्न झाल्यावर पाच-सहा वर्षांनी सासऱ्यांनी घरातल्या बाकीच्यांचं न ऐकता तिला बी.एड.ला घातलं होतं. सकाळचा स्वयंपाक उरकून ती एसटीने यायची. बोलायची कमी, पण तिचा सरावाचा पाठ असला की मी चहा बाजूला ठेवून पाहायचे. प्रश्नांची ओळ अशी लावायची की एकातून दुसरा आपोआप निघावा. ओल्या कपड्यांपासून सुरुवात करून बाष्पीभवनापर्यंत तिने तो वर्ग असा नेला की मला वाटलं, ही शिक्षिका झालीच.

मग खऱ्या शाळेतला पहिला पाठ आला. शाळा राइस मिलच्या वस्तीजवळची, बहुतेक पोरं मिलमध्ये कामाला जाणाऱ्यांची. तोच धडा, तेच प्रश्न. तिने विचारलं, ओल्या कपड्यांतील पाणी कोठे जाते? वर्ग गप्प. तिने पुन्हा विचारलं. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग तिनेच उत्तर दिलं. दुसरा प्रश्न विचारला, त्याचंही तिनेच दिलं. पाठ निम्म्या तासातच संपला आणि उरलेला वेळ ती फळा पुसत राहिली. तो आधीच स्वच्छ होता.

बाहेर आल्यावर मी समजावणीचं काही बोलणार होते. तिनेच आधी तोंड उघडलं.

"मले शिकवता येत नाही, मॅडम. कॉलेजात येते ते खोटं हाय. अजून एक पाठ घेऊन पाहतो. तोही असाच गेला तर मंग मी येत नाही. धानाची रोवणी तं येतेच मले."

मला तिचा राग आला. एवढी चांगली मुलगी एका तासाच्या हिशेबाने स्वतःला निकालात काढत होती. पण ती चुकीचं बोलत नव्हती, हे कळत असल्यामुळे राग जास्त झाला होता. ती गेली असती तर पुढे सासऱ्यांनाही आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं. शिवाय त्या घरातली पुढची कुठली सून शिकायला बाहेर पडली नसती.

दुसऱ्या दिवशी मी खोटा वर्ग मोडायचं ठरवलं. घडी केलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. एकीत लिहिलं, तू रोवणीच्या दिवसांत शाळेत नव्हतास. एकीत, तुझं उत्तर चुकणार आहे. एकीत, तुला उत्तर येतं पण तू बोलत नाहीस. चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही आणि शिकवणाऱ्यावर दया करायची नाही, अशी तंबी दिली.

मला वाटलं होतं की हे सोपं जाईल. पण पदवीधर माणसाला खोटंखोटंही चुकता येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. चुकीच्या उत्तराची चिठ्ठी ज्याला गेली तो उभा राहिला आणि म्हणाला की कपड्यातलं पाणी भूत पिऊन टाकतं. सगळे खो खो हसले. मी त्याला चांगलंच झापलं. लेकरं मूर्ख नसतात, त्यांचं चुकलेलं उत्तरही त्यांनी डोकं चालवून काढलेलं असतं, तसं एक तरी काढून दाखव. त्याला जमेना. मग दुसरीला सांगितलं. तिने आधी बरोबर उत्तर दिलं आणि मग जीभ चावून "नाही, चुकलं" म्हणाली.

न बोलण्याची चिठ्ठी बपेऱ्याच्या विद्यार्थिनीला गेली होती. शिक्षक झाला होता तुमसरच्या एका धान्य व्यापाऱ्याचा मुलगा, धीट आणि गडगडाटी आवाजाचा. त्याने तिला विचारलं. ती उभी राहिली आणि खाली पाहत राहिली. सवयीप्रमाणे तो पुढच्या बाकाकडे वळला. मी म्हटलं, पुढे जायचं नाही. त्याने पुन्हा विचारलं. ती गप्पच. आता बाकीच्यांचं हसू थांबलं. तो बिचारा घामाघूम झाला, माझ्याकडे पाहू लागला. शेवटी मीच तिला विचारलं, सहावीतल्या मुलीला विचारावं तसं, की तुला येत नाही का.

"येते," ती म्हणाली.

"मग बोलत काहून नाहीस?"

ती बराच वेळ बाकावरची रेघ नखाने कोरत होती. मग म्हणाली, "आमच्याकडच्या बोलीत सांगतलं का सारे हासत. गुर्जी बी हासत. मंग मी बोलणंच सोडलं."

ती पोटातलं बोलत होती, हे सगळ्या वर्गाला कळलं. व्यापाऱ्याच्या मुलाने तिला हळूच "बस" म्हटलं आणि खडू टेबलावर ठेवला. ती मात्र बसली नाही. उभी राहून खिडकीबाहेर पाहत राहिली. मग मला म्हणाली की कालच्या शाळेतली पोरंही अशीच बसली होती, मॅडम, अगदी अशीच. पुढचा पाठ मी त्या दिवशी घेतला नाही, सगळ्यांना चहाला सोडून दिलं.

तिचा दुसरा पाठ त्याच शाळेत, त्याच पोरांवर होता. मागचा घटक नीट झाला नाही म्हणून तोच पुन्हा घ्यायचा होता. मी मागे बसले. तिच्याइतकीच मीही घाबरले होते, कारण ती आज पडली तर तिला थांबवायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

तिने पहिलाच प्रश्न वेगळा टाकला. "मिलच्या अंगणात उकडलेलं धान पसरवतेत. सांजेला कोरडं होते. त्यातलं पानी कुठी गेलं?"

वर्ग गप्प. ती थांबली. परत विचारलं नाही, उत्तर दिलं नाही, फळ्याकडे वळली नाही. नुसती थांबली. माझ्या निरीक्षणाच्या तक्त्यात थांबण्यासाठी रकाना नाही. मला खुर्चीवर बसवेना, एखाद्या पोराला मागून हळूच उत्तर सांगावं असंसुद्धा वाटून गेलं.

दुसऱ्या ओळीतली एक मुलगी पुटपुटली, "खाली मुरते." माझ्या विद्यार्थिनीने ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, "खाली मुरते". मग विचारलं, अंगण तर सिमेंटचं आहे, सिमेंटात मुरतं का? एक पोरगा म्हणाला, नाही, ऊन पिऊन टाकते. तेही लिहिलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं की ढग असले तरी वाळते, उशिरा वाळते. मग भांडणच लागलं. धान उलथवताना वाफ निघते हे निम्म्या वर्गाने पाहिलेलं होतं, पण ती वाफ म्हणजेच पाणी का, यावर दोन पक्ष पडले. ती एकालाही चूक म्हणाली नाही, फक्त विचारत राहिली. तास संपला तेव्हा बाष्पीभवन हा शब्द फळ्यावर आलाच नव्हता.

वर्गशिक्षकांनी दारातच मला गाठून सांगितलं की पाठ अपूर्ण राहिला, मुख्य व्याख्या झालीच नाही. बरोबर होतं त्यांचं. मी मान डोलावली.

ती व्हरांड्यात आली. चेहरा उतरलेला होता. माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, खरं सांगजा. तुमी लेकरांले आधीच पढवून ठेवलं होतं ना?"

मी भडकणारच होते. आणि मग माझ्या लक्षात आलं की तिने दुसरं काय समजावं? वर्षभर आम्ही तिला ज्या वर्गात उभं केलं, तिथे वर्ग बोलला की तो कोणीतरी बोलता केलेलाच असायचा. तिच्यासमोर कोणी आपणहून बोलेल, यावर विश्वास ठेवायचं कारण तिला आम्ही कधी दिलंच नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "कोणालेच काही सांगतलं नव्हतं."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. पटलं नसावं. ती परत वर्गाच्या खिडकीशी गेली. आत दुसरे शिक्षक यायचे होते आणि पोरं अजून भांडत होती. खाली मुरते म्हणणारी मुलगी बाकावर उभी राहून मागच्यांना हात हलवून काहीतरी ठणकावत होती. माझी विद्यार्थिनी खिडकीच्या गजाला धरून ते पाहत राहिली, पुढच्या तासाचे शिक्षक येईपर्यंत.

मग वळून तिने विचारलं, "उद्या मले कोणता वर्ग हाय?"